बदकाच्या पिलांचा योगक्षेम

घरांत लहान मुलें असलीं म्हणजे एखादें पिलूं पाळण्याचा हट्ट केव्हां ना केव्हां कानीं पडावयाचाच. मांजराचें किंवा कुत्र्याचें पिलूं हे पाहुणे जुनेच. अलीकडे त्यांत बदकाच्या पिलांची भर पडली आहे. आठवड्याच्या बाजारांत किंवा जत्रेंत पुठ्ठ्याच्या खोक्यांत तीं पिवळीं, लवदार पिलें एकमेकांस बिलगून चिवचिवत असतात. कधीं कधीं तर विक्रेत्यानें त्यांस गुलाबी किंवा हिरवा रंगही फासलेला असतो. किंमत थोडी, रूप मोहक, आणि मुलाचे डोळे तर खोक्यावरून हलत नाहींत. वडिलांचा हात सहजच खिशाकडे जातो. येथवर सारें सोपें असतें. बिकट प्रश्न घरीं आल्यावर उभे राहतात. हें खाणार काय, झोपणार कोठें, याला पाण्यांत सोडावें कीं नाहीं, आणि मोठें झाल्यावर याचें करावयाचें काय?

संस्कृतांत ‘योगक्षेम’ म्हणून एक अर्थपूर्ण सामासिक शब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें त्याचें रक्षण करणें हा क्षेम. पिलूं विकत आणणें हा केवळ योग झाला, व तो पांच मिनिटांत साधतो. क्षेम मात्र वर्षानुवर्षें चालवावयाचा असतो. कारण नीट निगा राखलेलें बदक आठ-दहा वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक जगतें. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा कॉलेजांत जाऊं लागेल तेव्हांही तें परसांत फिरत असूं शकेल, हें ध्यानांत धरूनच पुढील मजकूर वाचावा.

कुलशील

‘बदक’ हा शब्द फारसींतील ‘बतक’ या शब्दावरून आपल्याकडे आला. संस्कृतांत या कुळास हंस, कादंब, कारंडव, चक्रवाक अशीं निरनिराळीं नांवें आहेत. कवींचा हंस म्हणजे हिमालय ओलांडून हिंवाळ्यांत आपल्या देशांत उतरणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब असावा, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. भारतीय वाङ्मय व कला यांतील हंसाविषयीं डच पंडित फोगल यांचा स्वतंत्र ग्रंथ १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. बाजारांतील बदक हें या हंसाचें दूरचें भावंड. मस्कव्ही ही जात वगळली तर जगांतील सारीं पाळीव बदकें उत्तर गोलार्धांतील एकाच रानबदकापासून झालेलीं आहेत. त्या रानबदकाच्या नराचें मस्तक हिरवें व चकचकीत असून गळ्यांत पांढरें कडें घातल्यासारखें दिसतें. मस्कव्ही मूळची अमेरिका खंडांतील. तिचीं अंडीं उबावयास ३५ दिवस लागतात, इतरांचीं २८ दिवसांत फुटतात.

पिवळ्या लवेचीं व पुढें पांढरीं शुभ्र होणारीं पिलें बहुधा मूळ चीन देशांतील पेकिन जातीचीं असतात. फिकट तपकिरी रंगाची खाकी कॅम्पबेल ही इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील ॲडेल कॅम्पबेल या बाईंनीं विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तयार केली. तिची चांगली मादी वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देते. तिच्या घडणींत ‘इंडियन रनर’ या उभ्या चालीच्या जातीचें रक्त आहे. पण नांवांत ‘इंडियन’ असलें तरी ती जात हिंदुस्थानची नव्हे, जावा वगैरे पूर्वेकडील बेटांची. आपल्या देशांत बदकें पाळण्याची खरी परंपरा केरळ, बंगाल, आसाम या पाणथळ प्रांतांत. केरळांतील कुट्टनाड भागांतील चारा व चेंबल्ली या जाती आणि आसामांतील पाती जात तेथील घराघरांस ठाऊक आहेत. महाराष्ट्रांत गाईम्हशींचें शास्त्र आजीला विचारतां येतें, बदकांचें विचारावयास मात्र सहसा घरांत कोणी नसतें. म्हणूनच हा लेखप्रपंच.

एकटें पिलूं आणूं नये

पहिला नियम हा कीं, आणावयाचीं तर निदान दोन, आणि शक्य तर तीन पिलें आणावीं. बदक हा कळपांतला जीव. एकटें पिलूं दिवसभर टाहो फोडतें, खात नाहीं, झुरतें. किंवा मग माणसाच्याच पायांत पायांत राहूं लागतें. हें दुसरें मुलांना फार आवडतें, परंतु त्यांतील मर्म समजून घेतलें पाहिजे.

अंड्यांतून बाहेर पडल्यानंतर पहिल्या कांहीं तासांत जो हालता चालता प्राणी दृष्टीस पडेल त्याचा ठसा पिलाच्या मनावर उमटतो, व त्यालाच तें आई समजून त्याच्या मागें धांवतें. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनरॅड लॉरेन्त्स यांनीं १९३५ सालीं या ठशाची सविस्तर मीमांसा केली. पुढें १९७३ सालीं प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल त्यांस दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. एकहार्ड हेस यांना बदकाच्या पिलांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, हा ठसा जन्मानंतर तेरा ते सोळा तासांच्या सुमारास सर्वांत खोल उमटतो. गिल्बर्ट गॉटलिब यांनीं तर दाखवून दिलें कीं, अंड्यांत असतांनाच पिलाचे कान उघडे असतात, आणि आईची हांक ओळखण्याचें शिक्षण तेथूनच सुरू होतें. आमच्या घरीं पिलें होतीं तेव्हां नातवानें विचारलें होतें, ‘‘आजोबा, हें माझ्याच मागें कां येतें? मीं तर त्याला अजून कांहींच दिलेलें नाहीं.’’ उत्तर असें कीं, देणेंघेणें पाहून तें येत नाहीं; तें आईच्या मागें जात असतें. एवढा मोठा विश्वास ज्यानें आपणांवर टाकला त्यास दोन दिवसांनीं अडगळींत टाकणें म्हणजे काय, हें मुलांस याच ठिकाणीं समजावून सांगावें. सोबतीस दुसरें पिलूं असलें म्हणजे मूल शाळेंत गेल्यावरही त्याचा जीव कासावीस होत नाहीं.

ऊब

पहिल्या तीन आठवड्यांत पिलांचा मृत्यु बहुधा थंडीनें होतो. लव म्हणजे पिसें नव्हेत. आईच्या पंखांखालीं जी ऊब मिळते ती आपणांस उत्पन्न करून द्यावी लागते. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या उंचीवर सुमारें ३२ अंश सेल्सिअस उष्णता असावी. पुढें दर आठवड्यास तीन-तीन अंश कमी करीत जावें. आपल्याकडील उन्हाळ्यांत दिवसां हा खटाटोप पडत नाहीं, पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत रात्रीं मात्र अवश्य पडतो.

यासाठीं उंच कडेचें खोकें घेऊन त्याच्या एका टोकावर दिवा टांगावा. दुसरें टोंक मोकळें ठेवावें, म्हणजे उकडलें तर पिलांस दूर सरकतां येतें. येथें एक सूचना. आतां घरोघरीं असलेले एलईडी दिवे प्रकाश देतात, ऊब देत नाहींत. जुन्या पद्धतीचा, तार तापणारा साठ वॅटचा दिवा, किंवा प्रकाश न देतां केवळ उष्णता देणारा चिनी मातीचा हीटर मिळवावा. व तो पुठ्ठ्यास किंवा गवतास लागणार नाहीं असा पक्का बांधावा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्यांत ठेवावी. उष्णतामापक नसला तरी चालेल, पिलेंच सांगतात. दिव्याखालीं एकमेकांवर चढून आक्रोश करीत असतील तर थंडी आहे. चोंची उघड्या टाकून कोपऱ्यांत पळालीं असतील तर उष्णता फार आहे. ऐसपैस पसरून निजलीं असतील तर सर्व कांहीं ठीक आहे.

खोक्याच्या तळाशीं वर्तमानपत्र घालूं नये. गुळगुळीत कागदावर कोंवळे पाय फांकतात व सांधे कायमचे अधू होतात. गोणपाटाचा तुकडा किंवा जुना खरखरीत टॉवेल घालावा, आणि आठवड्यानंतर भाताचें कोरडें तूस. हें अंथरूण रोज बदलावें लागेल. कारण बदकाचें पिलूं जेथें असेल तेथें चिखल करतें, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे.

पाणी

‘बदकाच्या पिलाला पोहावयास काय शिकवावयाचें!’ असें म्हणून कित्येक उत्साही घरांत पहिल्याच दिवशीं पिलूं बादलींत सोडतात. पोहतां येतें हें खरें. परंतु आईच्या पंखांवांचून वाढणाऱ्या पिलाची लव पाण्यास दाद देईनाशी होण्यास वेळ लागतो. तोंवर ती भिजते, जड होते, अंग गारठतें, आणि बादलीच्या उभ्या कडेवरून वर येतां न आल्यामुळें जलचराचें तें बाळ पाण्यांतच बुडून मरतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत पोहणें नाहीं. त्यानंतर ऊन दिवशीं, पसरट परातींत, कोमट पाण्यांत, डोळ्यांसमोर, पांचच मिनिटें. आंत एक वीट ठेवावी, म्हणजे तीवर चढून बाहेर पडतां येतें. नंतर फडक्यानें टिपून दिव्याच्या उबेंत ठेवावें. पिसें पूर्ण फुटावयास सात ते नऊ आठवडे लागतात; त्यानंतर पाण्याची धास्ती धरण्याचें कारण नाहीं.

पिण्याचें पाणी मात्र अखंड हवें, व तेंही चोंच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकें खोल. बदक पाण्यांत चोंच बुडवूनच नाकपुड्या व डोळे स्वच्छ ठेवतें. उथळ बशींत तें साधत नाहीं, डोळे चिकटतात. भांडें अरुंद तोंडाचें असावें, म्हणजे पिलूं आंत शिरत नाहीं. आणि ज्या वेळीं पाणी नसेल त्या वेळीं अन्नही समोर ठेवूं नये. कोरडें खाद्य घशांत अडकून पिलूं गुदमरतें.

अन्न

जन्मल्यानंतर एक-दोन दिवस पोटांत शोषलेल्या बलकावर पिलूं तग धरतें. पुढें त्याची वाढ आश्चर्यकारक वेगानें होते. पेकिन जातीचें पिलूं सातआठ आठवड्यांत जवळजवळ पूर्ण आकारास येतें. इतक्या वेगानें हाडें वाढावयाचीं तर अन्न तसें हवें. कोंबडीच्या पिलांसाठीं मिळणारें आरंभीचें खाद्य औषध न मिसळलेलें पाहून आणावें व ओलसर करून द्यावें. पहिले तीन आठवडे त्यांत प्रथिनें शेंकडा २० च्या सुमारास असावीं, पुढें १६ पुरतात.

कोंबडीचें खाद्य बदकास एका बाबतींत अपुरें पडतें. नायसिन नांवाचें जीवनसत्त्व बदकाच्या पिलांस कोंबडीच्या पिलांपेक्षां पुष्कळच अधिक लागतें. तें न मिळाल्यास पायांचे सांधे सुजतात, पाय धनुष्यासारखे वांकतात, आणि दोन-तीन आठवड्यांचें पिलूं उठून उभें राहीनासें होतें. पुष्कळ लोक यास वात समजून तेल चोळीत बसतात. खरा उपाय अन्नांत आहे. ब्रुअर्स यीस्टची पूड वाटीभर खाद्यास एक मोठा चमचा या मानानें मिसळावी. आणि पाय वांकूं लागलेले दिसतांच, उशीर न करतां, पशुवैद्यास दाखवावें.

भिजवलेल्या तांदळाची कणी, बारीक चिरलेला पाला, वाटाणे, गांडुळें, गोगलगाई, पाण्यावर वाढणारा अझोला हें सारें बदकास प्रिय आहे. पाव मात्र घालूं नये; पोट भरतें, पोषण होत नाहीं. आणि दूधही देऊं नये. नीर व क्षीर वेगळें करण्याची हंसाची ख्याति कवींनीं गाइली खरी. परंतु पक्ष्यांच्या पोटांत दुधांतील साखर पचविण्याची सोय निसर्गानें केलेली नाहीं, आणि दुधाची वाटी म्हणजे पिलाला जुलाबाचें आमंत्रण होय.

आपल्याकडील पावसाळ्यांत सर्वांत सावध राहावयाचें तें बुरशीविषयीं. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखाहून अधिक पिलें अकस्मात् मेलीं. त्या सुमारास बदकाचीं पिलेंही दगावलीं. शोध करतां ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींत एका बुरशीचें विष सांपडलें. त्यालाच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. या विषाचा परिणाम बदकाच्या पिलांवर इतका चटकन होतो कीं, तें ओळखण्यासाठीं शास्त्रज्ञ त्या पिलांचाच उपयोग करीत. तेव्हां दमट झालेली पेंड, कुबट वासाचा कोंडा, बुरसलेली भाकरी ‘पांखरांना काय होतें’ म्हणून त्यांच्यापुढें टाकूं नये. जें आपल्या पानांत वाढणार नाहीं तें त्यांच्याही नाहीं, एवढा नियम पुरे.

परसू व पहारा

सहासात आठवड्यांनीं पिलें परसांत राहूं लागतात. ज्यांस परसू नाहीं, चार खोल्यांचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यांनीं या वाटेस जाऊं नये, हें स्पष्ट सांगतों. न्हाणीघरांत वाढलेलें बदक ना सुखी, ना घरचीं माणसें सुखी. मादीचा आवाज मोठा असतो, व शेजाऱ्यांनीं तो सहन करावा अशी अपेक्षा धरणें योग्य नव्हे.

परसांत दिवसां कावळा, घार व मांजर. रात्रीं मुंगूस, घूस, साप व मोकाट कुत्रीं. म्हणून सायंकाळीं दिवेलागणीस बदकें मोजून पक्क्या खुराड्यांत बंद करावीं. दर बदकामागें निदान चार चौरस फूट जागा, बारीक व मजबूत जाळी, आणि घूस उकरूं शकणार नाहीं अशी फरसबंदी असावी. अंगणांतील खिळे, टांचण्या, नाणीं, तारांचे तुकडे वेंचून टाकावे. चकचकणारी वस्तु गिळण्याची बदकास खोड असते, आणि जस्त किंवा शिसें पोटांत गेल्यास विषबाधा होते.

स्वच्छतेचा प्रश्नही आहे. बदक दिसावयास निरोगी असलें तरी त्याच्या विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. मुलांनीं पिलास हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, त्याचे मुके घेऊं नयेत, आणि त्याचीं भांडीं स्वयंपाकघरांत आणूं नयेत. पक्ष्यांच्या फ्लूची पहिली मोठी सांथ आपल्या देशांत २००६ सालीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळली, हें पुष्कळांस आठवत असेल. बदकें कित्येकदां स्वतः आजारी न दिसतां तो रोग बाळगतात. आसपास पक्षी एकाएकीं मरूं लागल्यास लपवाछपवी न करतां पशुसंवर्धन खात्यास कळवावें. बदकांच्या प्लेगवर लस मिळते, ती पशुवैद्याच्या सल्ल्यानें टोंचून घ्यावी.

नर निघाला तर?

आतां ज्या प्रश्नाची चर्चा सहसा होत नाहीं तो. पिलें विकत घेतांना नर कोणता व मादी कोणती हें सामान्य माणसास ओळखतां येत नाहीं. आणि निसर्गाचा हिशेब निम्मेनिम्म्याचा आहे. सहाआठ आठवड्यांचीं झाल्यावर मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घोगरा व दबका राहतो. पुढें नराच्या शेंपटीवर दोनतीन पिसें आंकड्यासारखीं वर वळतात. एका नरास चार-पांच माद्या हें योग्य प्रमाण. दोन नर व एक मादी असलीं तर त्या मादीचे हाल होतात. मानेवरचीं पिसें उपटलीं जातात, प्रसंगीं जीवही जातो. अंड्यांसाठीं नराची जरुरी नसते. मादी पांचसहा महिन्यांची झाली कीं नराशिवायही अंडीं घालूं लागते, मात्र तीं निर्जीव असतात.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत दोन पिलें आणलीं, तीं दोन्ही नर निघालीं. वर्षभरानें बदली झाली, तेव्हां त्या गृहस्थांनीं तीं ‘‘शेत आहे, तेथें राहतील’’ असें म्हणणाऱ्या एका इसमास देऊन टाकलीं. दिवाळीच्या सुटींत मुलानें तें शेत पाहावयास जाण्याचा आग्रह धरला. वडील कांहीं बोलले नाहींत, आणि मुलानेंही पुन्हां विचारलें नाहीं. त्या घरांत मांसाहार नव्हता. परंतु ज्या जिवाला आपण नांव ठेवलें, हातावर खाऊं घातलें, त्याचा शेवट कोणाच्या तरी कढईंत झाला असेल तर आपल्या सोंवळ्यानें त्याचें काय निवारण झालें? मांस खाणाऱ्याचा स्वतःच्या कृत्याशीं निदान उघड संबंध असतो. आपण मात्र ‘दिलें’ या एका शब्दाआड लपतों. म्हणून पिलें आणण्यापूर्वींच ठरवून ठेवावें कीं, नर निघाला तरी तो आपलाच, मरेपर्यंत आपलाच.

कांहीं सत्प्रवृत्त माणसें मोठें झालेलें बदक देवळाच्या तळ्यांत किंवा नदींत सोडून देतात, व ‘मुक्त केलें’ असें समाधान मानतात. जड अंगाच्या पाळीव बदकास उडतां येत नाहीं, शत्रु ओळखतां येत नाहीं, पुरेसें अन्न शोधतां येत नाहीं. तें कुत्र्यांच्या तोंडीं जातें. वांचलेंच तर रानबदकांशीं त्याचा संकर होऊन रानांतील कुळही बिघडण्याचा संभव असतो. ही मुक्ति नव्हे.

याच्या उलट, पावसाळ्यांत तळ्याकांठीं किंवा भातखाचरांत एखादें पिलूं एकटें सांपडलें तर तें घरीं आणूं नये. तें बहुधा अडईचें किंवा हळदीकुंकू बदकाचें असतें, आणि त्याची आई जवळच गवतांत दबा धरून आपण जाण्याची वाट पाहत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असे रानपक्षी पकडणें व पाळणें निषिद्ध आहे. जखमी असल्यास वनखात्यास कळवावें.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, ‘‘मास्तर, आपण तर पिलें आणूंच नका असें सांगतां!’’ तसें नाहीं. ज्यांस अंगण आहे, सकाळीं अर्धा तास व सायंकाळीं अर्धा तास आहे, गांवाला जातांना पाहणारा शेजारी आहे, त्यांच्या घरीं बदकांसारखी करमणूक नाहीं, आणि मुलांस शिक्षणही नाहीं. पावसाची पहिली सर येतांच तीं अंगणाच्या मध्यभागीं येऊन माना उंचावून उभीं राहतात, चिखलांत चोंची खुपसून गोगलगाई शोधतात, आणि सायंकाळीं एकामागून एक रांगेनें खुराड्याकडे वळतात. रोज ठराविक वेळीं पाणी बदलणारा मुलगा वेळेचें मोल कोणत्याही पाठावांचून शिकतो; आणि आपल्याहून दुबळ्या जिवाचें भुकेचें ओरडणें व भीतीचें ओरडणें यांतील फरक ज्याला कळूं लागला, त्याला पुढें माणसांचेंही कळेल अशी आशा करावयास जागा आहे. ज्यांची तशी सोय नाहीं, त्यांनीं मुलास बाजारांतच प्रेमानें ‘नाहीं’ म्हणावें, आणि कारण सांगावें. तें ‘नाहीं’ ऐकून मूल घटकाभर रडेल. पण पिलाचा जीव वांचेल.